थेट प्रक्षेपणाची बातमी आदल्या दिवशी छापा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आपल्या तालुका पानावर एक बातमी होती. काल्याच्या कीर्तनाच्या थेट प्रक्षेपणाला भाविकांचा उदंड प्रतिसाद मिळाला, असं तीत लिहिलं होतं. त्या कीर्तनात कॅमेरा माझा होता, साउंड माझा होता आणि ज्या लॅपटॉपवरून प्रक्षेपण चाललं होतं तोही माझाच. किती जण पाहताहेत तो आकडा माझ्या डोळ्यासमोर होता. उदंड वगैरे काही नव्हता. मंडपात महाप्रसादाला जेवढी माणसं बसली होती त्यांच्या पावपटही नाही, आणि त्यातलीही बरीचशी मंडपातच बसून मोबाईलवर स्वतःचा चेहरा शोधत होती. वार्ताहराचा यात दोष नाही. आयोजकांनी लिहून दिलं, त्याने पाठवलं. माझं म्हणणं एवढंच की हीच बातमी, एवढ्याच जागेत, आदल्या दिवशी आली असती तर प्रतिसाद खरोखर मिळाला असता. झाल्यावर छापून तिचा उपयोग फक्त कात्रण फ्रेम करून लावायला होतो.

मी चांदूर रेल्वे तालुक्यातला. मंडप आणि साउंड सर्व्हिस हा वडिलांपासूनचा धंदा. २०२० साली लग्नाला पन्नास माणसांची अट लागली, तेव्हा पुण्यात अडकलेल्या मामा-मावश्यांना लग्न दिसावं म्हणून लोक लाईव्ह मागायला लागले आणि मीही कॅमेरा आणि त्याचं चित्र लॅपटॉपमध्ये घेणारं कॅप्चर कार्ड घेऊन त्यात शिरलो. अट गेली, मागणी राहिली. आता हरिनाम सप्ताह, भागवत, शंकरपट म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, कबड्डी, शाळेचं गॅदरिंग, जयंती, कास्तकारांसाठीचं शेतीचं मार्गदर्शन, सगळ्यांनाच लाईव्ह पाहिजे. घरटी एखादा पोरगा चाकणला नाहीतर सुरतेला कामाला आहे, लेकी सासरी आहेत, म्हाताऱ्यांना गुडघ्यामुळे मंडपापर्यंत येववत नाही. पाहणारे आहेत. त्यांच्यापर्यंत वेळेआधी सांगावा पोहोचत नाही, दुखणं ते आहे.

सप्त्याचा खर्च मी जवळून पाहतो. मंडप, पंगत, महाराजांची बिदागी, फुलं, रोषणाई. लाईव्हचेही पैसे देतात, नाही म्हणणार नाही. पण लाईव्ह आहे हे लोकांना कधी, कुठे सांगायचं याचा विचार बैठकीत कोणी करत नाही. फ्लेक्सवर वरच्या ओळीत संत, त्याखाली पुढारी, त्याखाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट साईज चेहरे, इतके की अर्ध्या गावाचं मतदार ओळखपत्र तिथेच होऊन जावं. लाईव्हचा उल्लेख सापडलाच तर अगदी खालच्या कोपऱ्यात: ‘थेट प्रक्षेपण होईल’. कोणत्या चॅनलवर? किती वाजता? त्याला उत्तर नाही. मग महाराज उभे राहतात, टाळकरी उभे राहतात, ‘जय जय रामकृष्ण हरी’ सुरू होतं आणि अध्यक्ष माझ्या कानाशी येऊन म्हणतात, “भाऊ, थे लिंक टाक ना ग्रुपवर.” तोवर सुरतेचा पोरगा कंपनीत शिफ्टवर चढलेला असतो. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन येतो, “काऊन जी, काल काल्याचं कीर्तन होतं काय? मले त कोणी सांगतलंच नाई.”

रेडिओच्या काळात हा प्रश्न नव्हता. नागपूरची आकाशवाणी १९४८ची. वडील सांगायचे, शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागायच्या वेळेला पारावर माणसं आपोआप जमायची. कार्यक्रमाची वेळ ठरलेली आणि ती वर्षानुवर्षं तीच, म्हणून रोज आठवण द्यावी लागत नव्हती. लाईव्हचं तसं नाही. प्रत्येक गावाचं वेगळं चॅनल, प्रत्येक वेळी वेगळा वार, वेगळी वेळ. इथे आधी सांगणं हा कार्यक्रमाचाच भाग आहे, आणि जुन्या लोकांना ते ठाऊक होतं. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लागते आणि वरून दवंडी द्यावी लागते, ती काय उगाच?

ठरलेल्या वेळेची ताकद पाहायची असेल तर तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज मोझरीचा आश्रम आपल्या जवळच आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ रोजी झालं. दरवर्षी पुण्यतिथी महोत्सवात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली होते. आमच्या भागात शाळकरी पोरालाही ही ४ अठ्ठावन्न पाठ आहे. ज्यांना मोझरीला जाता येत नाही ते वावरात, दुकानात, असतील तिथे उभे राहतात. त्यांच्यासाठी कोणी लिंक पाठवत नाही. आमच्या सप्त्याच्या कीर्तनाला एवढं भाग्य कुठलं, पण निदान वेळ तरी लोकांच्या डोक्यात आधी बसवता येते.

आता थोडं यंत्राचं, कारण बऱ्याच मंडळांना हे माहीतच नाही. यूट्यूबवर लाईव्ह दोन तऱ्हेने करता येतं. एक म्हणजे फोन काढला आणि तिथल्या तिथे सुरू केलं. यात लिंक सुरू झाल्यावरच तयार होते, मग आधी सांगणार काय? दुसरी तऱ्हा म्हणजे आधी वेळ लावून ठेवायची, त्याला शेड्यूल म्हणतात. चार दिवस आधी लावा, लिंक त्याच क्षणी मिळते. ती उघडली की कार्यक्रमाचं चित्र आणि वेळ दिसते, आणि आठवण देण्याचं बटण असतं. ते दाबून ठेवलं की वेळेवर फोन स्वतःच वाजतो. या आधीच्या सांगण्याला एक पैसा लागत नाही. फक्त नव्या चॅनलवर पहिल्यांदा लाईव्ह चालू करायला यूट्यूब २४ तासांपर्यंत वेळ घेतं, आणि फोनवरून लाईव्ह करायचं तर निदान ५० सबस्क्रायबर लागतात. म्हणून सप्ता बसायच्या सकाळी चॅनल उघडणाऱ्यांची काय तारांबळ उडते ते मी पाहिलं आहे.

शेड्यूल केलेल्या लिंकचा आणखी एक फायदा मला जाहिरातीहूनही मोठा वाटतो. आमच्याकडे लाईट जाते, नेट जातं, हे सांगायला नको. वेळ लावलेली लिंक असली आणि प्रक्षेपण आपोआप बंद होण्याचं बटण आधीच बंद करून ठेवलं असलं, तर नेट परत आल्यावर त्याच लिंकवर चित्र पुन्हा सुरू होतं. एका गावच्या पटात दुसऱ्या एका लाईव्हवाल्याचं काम होतं. नेट गेलं, त्यांनी फोनवरून नव्याने सुरू केलं, लिंक बदलली. लोक जुन्या लिंकवर गोल फिरणारं चाक पाहत बसले आणि इकडे फायनलच्या जोड्या धावून गेल्या. शंकरपटात जोडी सुटते ती काही सेकंदांत पार होते, तिथे नवी लिंक शोधायला कोणाला वेळ आहे! तसंही पटाची माणसं किती वर्षं वाट पाहून होती. २०१४ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पट बंद झाले, २०२१च्या डिसेंबरात परवानगी मिळाली, २०२३च्या मे महिन्यात घटनापीठाने शर्यतींना मुभा देणारा कायदा कायम ठेवला. तळेगाव दशासरच्या पटाचं नाव घेतलं की आजही बाहेरगावी गेलेला माणूस कामावर सुट्टी टाकायचा विचार करतो. त्याला दोन दिवस आधी वेळ कळायला नको का?

पण पट काय, कीर्तन काय, चुकलं तर नंतर रेकॉर्डिंग पाहता येतं. कास्तकारांच्या मार्गदर्शनाचं तसं नाही, आणि हे पत्र मी खरं तर त्यासाठी लिहायला घेतलं.

ऑगस्ट महिन्यातली गोष्ट. कापसावरच्या गुलाबी बोंडअळीवर एका कार्यालयाने तज्ज्ञांचं लाईव्ह ठेवलं होतं. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. पोस्टर सुंदर होतं. ते आमच्या ग्रुपवर आलं सकाळी पावणेअकराला, कार्यक्रम अकराला. त्या वेळी गावात कोण असतं? गडीमाणूस फवारणीला, बायका निंदणाला. मी दुकानात होतो म्हणून लावून पाहिलं. बोलणारे साहेब जाणकार होते, तळमळीने बोलत होते, पण बाजूला लोकांचे प्रश्न जिथे दिसतात तिथे ‘नमस्कार सर’, ‘खूप छान माहिती सर’ एवढंच. लिहिणारे बहुतेक त्याच कार्यालयातले. प्रश्न एकही नाही. साहेब शेवटी म्हणाले, काही शंका असतील तर विचारा, आणि थोडा वेळ गप्प बसून राहिले. मला त्यांचीच कीव आली.

बोंडअळीची सगळी गोष्ट वेळेची आहे. निरीक्षणासाठी हेक्टरी पाच कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे सापळे, लावायचे, आणि सलग तीन दिवस एकेका सापळ्यात आठ-आठ पतंग आले की उपाय करायला घ्यायचा. म्हणजे हिशेब तीन दिवसांचा आहे. डोमकळी, म्हणजे अळी शिरल्याने न उमललेलं फूल, दिसली की ती तेव्हाच तोडून नष्ट करायची. हे दिवाळीत रेकॉर्डिंग पाहून काय कामाचं? २०१७ला या अळीने आमच्याकडच्या कापसाची काय दशा केली ते वाचकांना सांगायला नको. त्याच वर्षी यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली. औषध कोणतं, किती, कधी, हे वेळेवर विचारायला मिळणं म्हणजे काय, ते इथल्या माणसाला विचारा.

त्याच कार्यालयाचा पुढचा कार्यक्रम ठरला तेव्हा तिथल्या एका ओळखीच्या कर्मचाऱ्याने मला आठवडाभर आधी सांगितलं. आम्ही दोन गोष्टी मागितल्या. वेळ रात्री आठची करा, आणि लिंक आजच द्या. दोन्ही मिळाल्या, हे त्यांचं मोठेपण. मग बाजाराच्या दिवशी मी ऑटोवर भोंगा बांधला. बाजारात सांगितलेली गोष्ट सात गावांत जाते. बचत गटाच्या एका ताईंनी आणखी डोकं चालवलं. नुसतं “पाहा” म्हणण्याऐवजी त्यांनी बायांना सांगितलं, “तुमच्या पऱ्हाटीत (कापसाच्या झाडांत) काय दिसते थ्याचा फोटो काढून ठेवा, अन् काय विचाराचं थे मले सांगा.” त्यांच्याकडे वहीभर प्रश्न जमले. लोक कार्यक्रमाला आले ते स्वतःचा प्रश्न कधी येतो हे ऐकायला.

एका कास्तकाराचा प्रश्न होता, सापळ्यात पतंग येतच नाहीत, म्हणजे अळी नाही असं समजायचं का? साहेबांनी उलट विचारलं, ल्यूर, म्हणजे सापळ्यातली वासाची गोळी, कधी बदलली, आणि सापळा पिकाच्या शेंड्याच्या वर आहे का? नव्हता. पऱ्हाटी वाढली, सापळा लावला होता तिथेच राहिला आणि पानांत बुडून गेला. हे उत्तर त्या एकट्याचं नव्हतं. त्या रात्रीच टॉर्च घेऊन नाही, तरी सकाळी उठल्याबरोबर कितीतरी जणांनी जाऊन सापळे वर बांधले. पहिल्या कार्यक्रमात याच साहेबांनी सापळ्याची उंची सांगितली होतीच. ऐकायला कोणी नव्हतं, एवढाच फरक.

व्हॉट्सअॅप आहेच की, असं कोणी म्हणेल. आहे. पण ग्रुपवर सकाळचे फुलांचे फोटो, वाढदिवस, श्रद्धांजल्या यांच्या ढिगाखाली लिंक तासाभरात गाडली जाते. ब्रॉडकास्ट लिस्टवरून पाठवलं तर ज्यांनी माझा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच ते पोहोचतं. स्टेटस २४ तासांत पुसलं जातं, म्हणून ते आदल्या रात्री ठेवायचं असतं. मंडळं हौसेने चार दिवस आधी ठेवतात आणि कार्यक्रमाच्या दिवशी तिथे कोणाच्या तरी गाडीपूजेचा फोटो असतो.

त्याहून मोठी अडचण भीतीची आहे, आणि ती रास्त आहे. लग्नपत्रिकेच्या नावाखाली एपीके फाईल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाईल, पाठवून खातं साफ करण्याचे प्रकार सगळीकडे झाले. आता गावातला शहाणा माणूस अनोळखी लिंक पाहिली की म्हणतो, “नोको दाबू रे, पैसे जातेत.” मी त्याला चुकीचं म्हणणार नाही. म्हणून मी आता मंडळांना सांगतो, लिंकवर विसंबू नका. चॅनलचं नाव मराठीत, जसं यूट्यूबवर आहे तसंच, मोठ्या अक्षरात लिहा. माणूस स्वतः यूट्यूब उघडून ते नाव शोधेल. तेवढा विश्वास त्याला स्वतःच्या बोटावर असतो. आणि फॉरवर्ड करण्यापेक्षा ओळखीच्या माणसाच्या तोंडून जाऊ द्या. शिवाय दीड-दोन जीबीचा रोजचा डेटा पोट्टे संध्याकाळपर्यंत रील्स पाहून संपवतात. रात्रीचा कार्यक्रम असेल तर ‘डेटा शिल्लक ठेवा’ हेही आधीच लिहावं. लोक हसतात, पण ठेवतात.

महाराजांना विचारल्याशिवाय मात्र जाहिरात करू नये. काही कीर्तनकारांना चित्रीकरण चालत नाही, आणि आधी गावभर सांगून मग कॅमेरा गुंडाळण्यासारखी फजिती नाही. जाहिरातीच्या व्हिडिओला सिनेमाचं गाणंही लावू नये. हक्काच्या गाण्यामुळे व्हिडिओ अडकतो, आणि लाईव्हमध्ये वाजलं तर चालू चित्राच्या जागी सूचनेची पाटी येऊ शकते.

लग्नांबद्दल न बोललेलं बरं. पत्रिकेत सायंकाळी ६ वाजून ३२ मिनिटं, आणि वरात डीजेपुढून हलते साडेआठला. तिकडे पुण्यातली मावशी टीव्हीसमोर रिकाम्या खुर्च्या पाहत बसते. मी आता वरपित्याला सरळ विचारतो, खरी वेळ सांगा, ती पाहुण्यांना मी कळवतो. कोणी रागावतं, कोणी हळूच सांगून टाकतं.

जाहिरात करायची कशी हे शिकायचं तर पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकवाल्यांकडून शिकावं. दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे, दिवस सुरू झाले की गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा भागात रात्ररात्र नाटकं चालतात. दिवसभर भोंग्याची गाडी आजूबाजूच्या खेड्यांत फिरते आणि नाटकाचं नाव, कंपनीचं नाव, कलाकारांची नावं, गाव, वेळ पुन्हा पुन्हा सांगत राहते. कंटाळा येईपर्यंत सांगते. संध्याकाळी बैलबंड्या, मोटारसायकली भरून माणसं निघतात. त्या गाडीवर कोणत्याही शुभेच्छुकाचा फोटो नसतो.

आता आपल्याकडे मागणं. नागपूर आणि अमरावतीच्या पानांवर शहरातले आजचे कार्यक्रम छापून येतात. सभागृहाचं नाव, वेळ, सगळं. बाजारभाव येतात, धरणांचा साठा येतो. तालुका पानावर रोज दोन इंच जागा ‘उद्याचं लाईव्ह’ म्हणून द्यावी. गाव, कार्यक्रम, वार, खरी वेळ आणि यूट्यूबवरच्या चॅनलचं नाव, बस. फोटो नको, अध्यक्ष-उद्घाटक नको. क्यूआर कोडही नको, छपाईत तो फुटतो आणि चहाच्या टपरीवर दहा हातांतून गेलेल्या घडीच्या पेपरवर स्कॅन होत नाही. अक्षरं वाचता येतात. कार्यक्रम रद्द झाला तर तेही दुसऱ्या दिवशी छापा, आणि दोनदा खोटी वेळ देणाऱ्या मंडळाची नोंद तिसऱ्यांदा घेऊ नका. ‘आज’ऐवजी ‘उद्या’ म्हणण्याचं कारण असं की पेपर आमच्याकडे सकाळच्या गाडीने येतो आणि निम्मं गाव तो रात्री वाचतं. हिवाळ्यात पंपाची लाईन रात्रपाळीची असली तर गव्हाला पाणी देणारा माणूस तर बांधावर बसूनच वाचतो, आणि लाईव्हही तिथूनच पाहतो.

माहिती कोणी गोळा करायची, हा प्रश्न आपण विचाराल. आमच्या तालुक्यात लाईव्ह करणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी आहेत, सगळी एकमेकांना ओळखतात, कारण स्टँड आणि वायरी एकमेकांच्याच मागून नेतो. आदल्या दिवशी दुपारी चारपर्यंत तालुका वार्ताहराकडे यादी देण्याची जबाबदारी मी घेतो. यात जाहिरातीचं उत्पन्न बुडेल असं जाहिरात विभागाला वाटत असेल तर छोट्या जाहिरातीचा दर लावा. कृषी मार्गदर्शन आणि ग्रामसभा तेवढी फुकट ठेवा. सप्त्याच्या मंडळांना दर परवडतो. एका फ्लेक्सच्या पैशात महिनाभराच्या नोंदी निघतील, पण दर ठरला की तो लेखी कळवा. आमच्या मंडळांच्या बैठका पटाच्या आधी बसतात, आणि तिथे कागद दाखवल्याशिवाय कोणी खिशात हात घालत नाही.

आपला,
मंडप व साउंड सर्व्हिसवाला
ता. चांदूर रेल्वे, जि. अमरावती

(नाव छापू नये ही विनंती. या हंगामाच्या ऑर्डरी अजून यायच्या आहेत.)